ठिणगीला बोलता येत नाही: फेसेंडेनने रेडिओत काय बदलले

रेडिओचा शोध कोणी लावला, असा वाद आपल्याकडे निघाला की पहिले नाव मार्कोनीचे येते आणि त्याच्या पाठोपाठ, बहुतेक वेळा जरा आवाज चढवून, जगदीशचंद्र बोस यांचे. कोणी पोपोव्हला मध्ये आणतो, कोणी टेस्लाला. वाद रंगतो, पण सुरुवातीलाच एक गफलत झालेली असते. या सगळ्यांच्या प्रयोगांत हवेतून जात होता तो संकेत. आला किंवा नाही आला, इतकेच त्यातून कळायचे. घंटा वाजायची, टिंब उमटायचे, रेघ उमटायची. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेले जे ऐकल्याचे सांगितले, ती ‘एस’ या अक्षराची तीन टिंबे होती. आपण ज्याला रेडिओ म्हणतो, ज्यावर बातम्या आणि गाणी लागतात, त्याचा आणि त्या तीन टिंबांचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच लांबचा आहे.

मार्कोनीचे यंत्र कितीही मोठे केले असते, तरी त्यातून माणसाचा आवाज धडपणे गेलाच नसता. अडचण ताकदीची नव्हती. लहर निर्माण करण्याची पद्धतच आवाजाला नालायक होती. हे ज्याने सर्वांत आधी स्पष्ट ओळखले आणि त्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रे नव्याने उभी करायला घेतली, तो कॅनडात जन्मलेला रेजिनल्ड फेसेंडेन. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी घेत नाही.

आधी ती पद्धत पाहू. त्या काळातला प्रेषक म्हणजे ठिणगीयंत्र. विजेचा दाब साठवायचा आणि धातूच्या दोन गोळ्यांमधल्या फटीत त्याची ठिणगी पाडायची. ठिणगी पडली की एरियलमध्ये वीज पुढे-मागे झोके घेते आणि त्या झोक्यांतून विद्युतचुंबकीय लहर बाहेर पडते. पण झोके लगेच मंदावतात. पहिला मोठा, दुसरा लहान, तिसरा आणखी लहान, की संपले. मग पुढची ठिणगी पडेपर्यंत हवेत काहीच नाही. साध्या यंत्रात सेकंदाला फार तर काहीशे ठिणग्या पडत. म्हणजे लहरींचा एक छोटा झुपका, मग लांबलचक पोकळी, मग पुन्हा झुपका. प्रत्यक्षात बहुतेक वेळ हवा रिकामीच असे.

आता माणसाचा आवाज घ्या. बोलणे नीट समजायला सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांपर्यंतचे चढउतार पोचावे लागतात. हे चढउतार लहरीवर चढवायचे, तर ते चढवायला लहर तिथे हवी ना? सेकंदाला दोन-तीनशे झुपके असतील, तर ‘क’ आणि ‘ख’ मधला फरक पोकळीतच हरवणार.

घेणाऱ्या टोकाचीही तीच गत. तिथे कोहिरर असायचा, म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची नळी. लहर आली की कीस एकमेकाला चिकटतो आणि नळीतून वीज वाहू लागते. पण एकदा चिकटलेला कीस आपोआप सुटत नाही, नळीला टिचकी मारून तो सोडवावा लागतो. त्यासाठी एक छोटी हातोडीच बसवलेली असे. या नळीला लहर आली एवढेच कळते. जोरात आली की हळू, आणि येता येता वाढली की घटली, हे कळत नाही. आवाज म्हणजे तर नुसते वाढणे-घटणेच.

तेव्हा जाणकारांचे मत असे होते की लहर निर्माण व्हायला असा झटका लागतोच, चाबूक कडाडावा तसा. फेसेंडेनला हे पटत नव्हते. त्याचे म्हणणे साधे होते. लहर अखंड हवी, एकसारखी, थांबा न घेता वाहणारी. तिचे काम फक्त वाहून नेण्याचे. आवाजाने तिची उंची कमी-जास्त करायची आणि पलीकडच्या यंत्राने तो चढउतार तेवढा उतरवून घ्यायचा. मीडियम वेव्हवरचे जवळजवळ प्रत्येक स्टेशन आजही नेमके हेच करते.

हा माणूस मुळात या धंद्यातला नव्हता. जन्म ६ ऑक्टोबर १८६६ चा, क्विबेकमधला, वडील धर्मोपदेशक. पदवी त्याने घेतली नाही. काही काळ बर्म्युडात शाळा चालवली. मग न्यूयॉर्कला जाऊन एडिसनकडे नोकरीसाठी खेटे घातले. विजेतले काही येत नाही पण लवकर शिकेन, असे त्याने लिहून कळवले; त्यावर विजेतले काही न येणारे लोक आमच्याकडे आधीच पुरेसे आहेत, असे उत्तर आल्याचे सांगतात. शेवटी १८८६ मध्ये जमिनीखालून विजेच्या वाहिन्या टाकण्याच्या कामावर त्याला घेतले आणि तिथून तो एडिसनच्या प्रयोगशाळेत पोचला. १८९० मध्ये पैशाच्या चणचणीत ती नोकरी गेली. पुढे पर्ड्यू विद्यापीठ आणि मग पिट्सबर्ग इथे त्याने विद्युत अभियांत्रिकी शिकवली. विनापदवी प्राध्यापक होता येण्याचे ते दिवस होते.

१९०० मध्ये तो अमेरिकेच्या हवामान खात्यात रुजू झाला. खात्याला किनाऱ्यावरचे वादळाचे इशारे तारा न ओढता पोचवायचे होते. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला, पोटोमॅक नदीतल्या कॉब आयलंडवर त्याने दोन मनोरे उभारले, एकमेकांपासून मैलभर अंतरावर. अखंड लहर देणारे यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. मग त्याने आडवाट धरली. ठिणग्या इतक्या दाट पाडायच्या, की मधली पोकळी जवळजवळ उरणारच नाही. सेकंदाला सुमारे १०,००० ठिणग्या. आवाजातल्या सर्वांत जलद चढउताराच्या तिप्पट वेगाने झुपके येत असतील, तर बोलण्याचा आकार कसाबसा टिकतो. २३ डिसेंबर १९०० रोजी त्याने मायक्रोफोनमध्ये एक, दोन, तीन, चार म्हटले आणि पलीकडच्या मनोऱ्यावरच्या थीसेन या सहकाऱ्याला विचारले, की तुमच्याकडे बर्फ पडतो आहे का, पडत असेल तर तारेने कळवा. थीसेनने कळवले, पडतो आहे.

माणसाचा आवाज रेडिओलहरींवरून गेल्याचा हा पहिला प्रसंग मानतात. आवाज भयंकर होता. ठिणग्यांची स्वतःचीच करकर इतकी, की त्यातून शब्द वेचावे लागत. फेसेंडेनने यातून योग्य तो अर्थ काढला. आवाज जातो हे ठरले, आणि ठिणगीला रजा द्यायची हेही ठरले.

पुढची सहा वर्षे या दोन कामांत गेली. घेणारे यंत्र आणि पाठवणारे यंत्र.

घेणारे यंत्र आधी जमले, तेही अर्धे अपघाताने. लहर आली की तापणारी अतिबारीक तार वापरून तो लहरीचा जोर मोजायच्या खटपटीत होता. ही प्लॅटिनमची तार चांदीच्या आवरणात येते, आवरण आम्लाने काढावे लागते. आम्लात बुडवलेल्या नमुन्यांपैकी एक इतरांपेक्षा फारच चांगला प्रतिसाद देऊ लागला. पाहतो तर ती तार तुटलेली होती आणि तिचे टोक आम्लाला नुसते टेकले होते. तारेचे टोक आणि आम्ल यांच्या स्पर्शातच लहर पकडण्याचा गुण होता. यातून लहर टिपणारा जो शोधक (डिटेक्टर) निघाला त्याला ‘लिक्विड बॅरेटर’ म्हणतात. त्याला टिचकी लागत नव्हती, आणि लहर जितकी जोरात तितका तो जास्त प्रतिसाद देई. टेलिफोनचा कर्णा जोडला की चढउतार थेट कानात. जहाजाच्या हेलकाव्यांत आम्लाची वाटी सांभाळणे हा त्रास वेगळा. तरीही काही वर्षे संवेदनशीलतेत या शोधकाची बरोबरी दुसरा करत नव्हता. तो ली डी फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाने थोडा बदलून वापरला, फेसेंडेनने त्याला कोर्टात खेचले आणि १९०६ मध्ये खटला जिंकला. डी फॉरेस्टला दुसरा शोधक हुडकणे भाग पडले. त्याच सुमारास त्याच्या हातून तीन अग्रांची निर्वात नळी घडली, जिने पुढे सगळे इलेक्ट्रॉनिक्स उभे केले. कोर्टकज्जे नेहमीच फुकट जातात असे नाही.

पाठवणारे यंत्र मात्र अवघड होते. फेसेंडेनचा विचार सरळ होता: वीजकेंद्रातले जनित्र अखंड उलटसुलट वीज देते, सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तने, म्हणजे पुढे-मागे पूर्ण झोके, घेणारी. तेच जनित्र हजारपट जलद फिरवले तर? थेट रेडिओलहरच निघेल. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात इतक्या वेगाने फिरणारे चाक स्वतःच्या वेगानेच फाटू पाहते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आधी सेकंदाला १०,००० आवर्तनांचे यंत्र बनवून दिले, ते कमी पडले. मग काम अर्न्स्ट अलेक्झांडरसन या स्वीडनहून आलेल्या तरुण अभियंत्याकडे गेले. त्याला यंत्राचा गाभा लोखंडी हवा होता. फेसेंडेन लाकडावर अडून बसला. इतक्या वारंवारितेला लोखंड चालणार नाही, असे त्याचे ठाम मत. गिऱ्हाईकाचा हट्ट म्हणून लाकडी गाभ्याचे यंत्र बनले. १९०६ मध्ये ते हाती आले आणि सुमारे ५०,००० आवर्तनांवर चालले. लोखंडाबद्दल अलेक्झांडरसनचेच बरोबर होते, हे त्याच्या पुढच्या यंत्रांनी दाखवले. त्या घराण्यातले एक धूड स्वीडनमधल्या ग्रिमेटन इथे जपून ठेवले आहे, २००४ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, आणि अधूनमधून १७.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १७,२०० आवर्तनांवर, त्यातून संदेशही पाठवतात.

मायक्रोफोन कुठे जोडायचा? आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्याने तो सरळ एरियलच्या वाटेतच बसवला. म्हणजे लहरीची सगळी वीज कोळशाच्या दाण्यांच्या मायक्रोफोनमधून जायची आणि बोलणाऱ्याचा आवाज तिला आवळायचा किंवा सैल सोडायचा. मायक्रोफोन तापायचा म्हणून त्याला पाण्याने थंड ठेवत. नळीने आवाज वाढवायची युक्ती अजून कोणाला सापडली नव्हती, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

हे सगळे चालले होते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर ब्रँट रॉक इथे. तोवर फेसेंडेन हवामान खाते सोडून आला होता. खात्याच्या प्रमुखाने पेटंटमध्ये निम्मा वाटा मागितला, असे त्याचे म्हणणे. पिट्सबर्गच्या गिव्हन आणि वॉकर या दोन धनिकांनी १९०२ मध्ये त्याच्यासाठी नॅशनल इलेक्ट्रिक सिग्नलिंग कंपनी काढली होती. कंपनीला रस होता मार्कोनीला अटलांटिकवर मात देण्यात. म्हणून ब्रँट रॉकला ४२० फुटांचा मनोरा उभा राहिला, तसाच जोडमनोरा स्कॉटलंडमधल्या माखरिहानिशला. जानेवारी १९०६ मध्ये दोन्ही बाजूंनी संदेशांची देवाणघेवाण झाली. मार्कोनीचा १९०१ चा संदेश एकाच दिशेने आला होता, हे इथे लक्षात ठेवावे. पण संदेश रात्री पोचत, दिवसा नाही. हिवाळ्यात पोचत, उन्हाळ्यात नाही. डिसेंबरमधल्या वादळात स्कॉटलंडचा मनोरा कोसळला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

मनोरा पडल्यावर दोनच आठवड्यांनी, २१ डिसेंबर १९०६ रोजी, फेसेंडेनने ब्रँट रॉक ते प्लिमथ या साधारण ११ मैलांच्या टप्प्यावर बोलून दाखवले. पाहुणे बोलावले होते, बोलणे स्पष्ट ऐकू आले, याच्या नोंदी आहेत. पण लोकांच्या तोंडी राहिली ती तीन दिवसांनंतरची गोष्ट. नाताळच्या पूर्वसंध्येला म्हणे त्याने समुद्रावरच्या जहाजांसाठी कार्यक्रमच केला: तबकडीवर हँडेलचे संगीत, स्वतः व्हायोलिनवर नाताळगीत, बायबलमधले वचन. टिंबे-रेघा ऐकायला बसलेले जहाजांवरचे तारवाले कानात माणूस बोलताना ऐकून हबकले. गोष्ट सुरेख आहे. अडचण एवढीच, की तिचा आधार म्हणजे फेसेंडेनने १९३२ मध्ये, मरणाच्या वर्षी, लिहिलेले एक पत्र. त्या रात्रीची जहाजांची नोंद किंवा वर्तमानपत्रातली बातमी संशोधकांना सापडलेली नाही. मला या गोष्टीचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ती खरी असो वा नसो, तिच्यामुळे फेसेंडेन ‘पहिला निवेदक’ होऊन बसतो आणि त्याचे सर्वांत मोठे काम बाजूला पडते.

ते काम असे. अखंड लहर मिळाली, पण तिने एक नवीच पंचाईत उभी केली. ठिणगीयंत्राचा संदेश कर्ण्यात ऐकू येई, कारण ठिणग्यांचा स्वतःचा खडखडाट त्यात असे. अखंड लहरीवर टिंबे-रेघा पाठवल्या तर? सेकंदाला ५०,००० आवर्तने कानाच्या पलीकडची. चढउतार काहीच नाही. म्हणजे संदेश येतो आणि ऐकणाऱ्याला शांतता ऐकू येते.

तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की काय होते, हे गाण्याच्या संगतीत बसलेल्या कोणालाही माहीत असते. दोन स्वर वेगळे ऐकू येत नाहीत. एकच स्वर हेलकावे खात, वाढत-घटत राहतो. तारा जवळ आणू तसा हेलकावा संथ होतो. एक तार सेकंदाला १३० वेळा आणि दुसरी १३२ वेळा कंप पावत असेल, तर हेलकावा सेकंदाला दोन. दोन्ही आंदोलनांतला फरक जितका, तितके हेलकावे.

फेसेंडेनने हेच रेडिओलहरींना लावले. येणारी लहर ५०,००० आवर्तनांची आहे. तिच्यात दुसरी, ५१,००० आवर्तनांची लहर मिसळा. दोन्हीही कानाला ऐकू न येणाऱ्या. पण शोधकातून गेल्यावर त्यांचा फरक उरतो, १,००० आवर्तनांचा, आणि तो म्हणजे स्वच्छ शिटीसारखा सूर. टिंब म्हणजे छोटी शिटी, रेघ म्हणजे लांब. दुसरी लहर जरा इकडेतिकडे केली की सूर बदलतो, त्यामुळे विजांच्या खरखरीतून आपला संदेश कानाने वेगळा काढता येतो. या तत्त्वाला हेटरोडाइन म्हणतात. त्याचे पेटंट ऑगस्ट १९०२ मध्ये मंजूर झाले. त्यात दोन्ही लहरी प्रेषकाकडूनच पाठवायच्या होत्या. दुसरी लहर घेणाऱ्याकडेच, जागेवर तयार करावी हे त्यानंतर आले.

१९०२ आणि अखंड लहरीचे जनित्र १९०६: म्हणजे जी लहर अजून धड कोणाकडे नव्हती तिची पुढची अडचण त्याने चार वर्षे आधी सोडवून ठेवली होती. तत्त्व बरोबर असूनही ते दहाएक वर्षे पडून राहिले, कारण घेणाऱ्याकडे दुसरी लहर तयार करायला लहानसे, स्थिर यंत्र नव्हते. डी फॉरेस्टच्या नळीपासून लहर निर्माण करता येते हे १९१२-१३ च्या सुमारास उमगले आणि हेटरोडाइन टेबलावर मावू लागले.

तोवर फेसेंडेन स्वतःच्या कंपनीबाहेर फेकला गेला होता. तो तापट होता, संशयी होता आणि धंद्यात कोणाचे ऐकत नसे. जानेवारी १९११ मध्ये भागीदारांनी त्याला काढले, त्याने दावा लावला, ज्युरीने चार लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली आणि कंपनी दिवाळ्याच्या वाटेला लागली. पेटंटे फिरत फिरत शेवटी रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाकडे गेली. तिच्याशी १९२८ मध्ये तडजोड होऊन पाच लाख डॉलर मिळाले, त्यातला मोठा हिस्सा वकिलांना गेला. मधल्या काळात त्याने पाण्याखाली आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र केले. टायटॅनिक बुडाल्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, त्याने हिमनगाचा माग काढून दाखवला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हेटरोडाइनला पुढचे वळण दिले एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने, १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात पॅरिसला असताना. त्याने विचार केला, फरक कानाला ऐकू येण्याइतका लहान कशाला हवा? फरक मोठा ठेवू, पण ठरलेला ठेवू. आकाशवाणीचे पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. आपण रेडिओची कळ तिथे नेतो तेव्हा रेडिओच्या पोटात १,२४७ किलोहर्ट्झची लहर तयार होते. वजाबाकी ४५५. कळ दुसऱ्या स्टेशनवर नेली की पोटातली लहरही तेवढीच सरकते, आणि वजाबाकी पुन्हा ४५५. त्यामुळे स्टेशन कोणतेही असो, रेडिओला नेहमी एकाच वारंवारितेवर आवाज वाढवायचा आणि गाळायचा असतो, आणि एकच काम असेल तर ते उत्तम करता येते. घराघरांतले रेडिओसंच, पुढे टीव्ही, रडार, सगळे याच वजाबाकीवर चालले. मोबाइलमध्ये फरक ४५५ ऐवजी बहुतेकदा शून्यावर आणतात, पण येणाऱ्या लहरीत घरची लहर मिसळण्याची पायरी तिथेही आहे.

ही वजाबाकी घरी ऐकता येते. माळ्यावर मीडियम वेव्हचे दोन जुने, काटा फिरवायचे रेडिओ असतील तर एकावर रात्री १,००० ते १,४०० किलोहर्ट्झच्या मधले एखादे मध्यम ताकदीचे स्टेशन लावा. दुसरा त्याला चिकटवून ठेवा, आवाज बंद करा पण संच चालू राहू द्या, आणि त्याचा काटा पहिल्याच्या आकड्यातून ४५५ वजा करून येईल तिथे हळूहळू न्या. पहिल्यावर १,२०० असेल तर दुसऱ्यावर ७४५ च्या आसपास. दुसऱ्याच्या पोटातली लहर थोडी बाहेर सांडते आणि पहिल्या रेडिओतल्या स्टेशनवर शिटी वाजू लागते. काटा केसभर हलवला की सूर चढतो किंवा उतरतो. जुने काटे अचूक नसतात, तेव्हा शिटी लगेच सापडली नाही तर काटा दोन्ही बाजूंना थोडा फिरवून पाहा.